मागच्या सीटवर बसलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. नंबर मागितला तर तुम्ही म्हणालात, "नंबर कायले? चेन बदलली की तुले माही गरजच नाही." म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. मोबाइल नातवाच्या ताब्यात असतो असं तुम्हीच सांगितलं होतं. त्या नातवाला विनंती, हे आजोबांना वाचून दाखव.

काल माझ्या मोटरसायकलचा चेन-स्प्रॉकेटचा (चेन आणि ती ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) सेट बदलला. आज सकाळी कोराडीपर्यंत जाऊन आले. टक् टक् गेली. पूर्ण गेली. कितीतरी दिवसांनी हेल्मेटमध्ये नुसता वारा ऐकू आला आणि मी त्या रस्त्यावर एकटीच मोठ्यानं हसले. बाजूचा ट्रकवाला बघायला लागला, बघू दे म्हटलं.

तो आवाज पावसाळा सरता सरता सुरू झाला होता. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. (नाव लिहीत नाही. सगळीकडे थोडंफार असंच आहे.) काउंटरवरच्या साहेबांनी माझ्या भावाला विचारलं, "सर, गाडीला काय प्रॉब्लेम आहे?" भाऊ मला परत घरी न्यायला स्कूटर घेऊन आला होता. त्याला गिअरची गाडी चालवताच येत नाही. तो म्हणाला, "हिला विचारा." साहेबांनी मला विचारलं नाही, कार्डावर 'जनरल चेकअप' लिहिलं. गाडी धुतली, चेन आवळली, बिल दिलं. आवाज तसाच. पुन्हा नेली तर पुन्हा धुतली, पुन्हा आवळली. शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, एवढा आवाज तर राहतेच. तुम्ही जास्त लक्ष देऊ नका." जास्त लक्ष देऊ नका! गाडी माझी, बूड माझं, रस्ता एनएच 44 चा, आणि लक्ष कोणी द्यायचं?

आमच्या बाइकवाल्या ग्रुपबद्दल तर काय सांगू. माणसं जिवाची आहेत, पण रविवारी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर चेन या विषयावर जेवढी भांडणं होतात तेवढी विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनातही होत नसतील. एकाचा स्प्रेवर विश्वास, दुसऱ्याचा नव्वद नंबरच्या गिअर ऑइलवर, आणि दोघंही एकमेकांच्या चेनला बोट लावून ते बोट नाकाशी नेतात. एकाच्या गाडीला तीन बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पेट्या आहेत, त्यात तंबूपासून स्टोव्हपर्यंत सगळं आहे, आणि त्याची सगळ्यात लांबची स्वारी रामटेक. समृद्धीवर दुचाकीला बंदी म्हणून रोज हळहळणारा एक आहे. त्याची गाडी ऐंशीच्या पुढे गेली की तोच आधी घाबरतो. मी आवाजाचं सांगितलं की सुरू: "ऑइल बदल", "प्लग काढून पाहा", "हेल्मेटची काच सैल असंल", "स्कूटी घेऊन टाक ना बावा". त्याचं मला काही नाही. मीही त्यांना सोडत नाही, पेटीवाल्याला तर मुळीच नाही.

पण थट्टा संपली की एक वाक्य ठरलेलं होतं. "सरक, मी एक राउंड मारून पाहतो." मग मी उतरायचं, हेल्मेट हातात धरून फुटपाथवर उभं राहायचं. तो सिग्नलपर्यंत गाडी पिळून न्यायचा, फिरवून आणायचा, आणि किल्ली परत देताना म्हणायचा, "मस्त आहे गाडी. काहीच नाही." एकानं नाही, जवळजवळ सगळ्यांनी असं केलं. चांगल्या मनानं केलं हेही खरं. तरी आपल्याच गाडीची वाट पाहत फुटपाथवर उभं राहणं काय असतं, ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही.

डिसेंबरात ग्रुपसोबत मध्य प्रदेशातल्या तामियाला गेलो. थंडी कडक, पातालकोटच्या बाजूला सकाळी धुकं, सगळं छान झालं. परतीला सिल्लेवानीचा घाट उतरताना आवाजासोबत पायाखाली धक्का जाणवायला लागला. आमच्याकडे नियम आहे, सगळ्यात मागच्या गाडीवाल्यानं कोणाला मागं सोडायचं नाही. त्या दिवशी मागं राहण्याची पाळी ज्याची होती, तो बाजूनं हात हलवत गेला, "तू हळूहळू ये, सावनेरला भेटू." सावनेरला ते भजी खात बसले होते हे मला नंतर फोटोंतून कळलं.

मी सौंसरला तुमच्या टपरीवर थांबले. तुमची म्हणजे तुम्ही बाकावर बसून बशीत चहा ओतून पीत होतात म्हणून. बाजूला तुमची जुनी गाडी, हँडलला संत्र्यांची पिशवी, डावा इंडिकेटर काळ्या चिकटपट्टीनं बांधलेला. मी स्टँड लावायच्या आत तुम्ही बशीतून मान वर न काढता म्हणालात, "मागच्या चाकाकडून येऊन राहिलं."

मी म्हटलं, काका, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात काहीच नाही.

"त्याइले कान नसतीन."

मग तुम्ही विचारत गेलात. आवाज कधीपासून? वेग वाढला की पटपट येते का? ब्रेक मारला की बदलते का? हाताले जाणवते का पायाले? काका, माझ्याजवळ या सगळ्याची उत्तरं होती. इतके महिने मी दुसरं काय ऐकत होते? पण तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगत गेले आणि तुम्ही नुसतं "हं, हं" करत ऐकलंत.

सांगून झाल्यावर मी सवयीनं किल्ली तुमच्यापुढे धरली आणि बाजूला सरकले.

तुम्ही किल्लीकडे पाहिलंत. "मले कायले? गाडी तुही, तू चालव. मी मागं बसतो."

टपरीवाला हसला. "काका, पोरीच्या मागं?"

"मंग काय पोरीच्या पुढं बसू? तिथं टाकी हाये."

सगळी टपरी हसली, मीही हसले, आणि तुम्ही पाय टाकून बसलातही. एका हातानं मागची पट्टी धरली, दुसऱ्या हातात स्वतःचं हेल्मेट. मी म्हटलं, घाला ना. तर, "कान झाकून आवाज कसा ऐकू? हायवेवर नको जाऊ, त्या गल्लीत घे." साठी उलटलेला, आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, चार लोक बघत असताना, अनोळखी मुलीच्या मागं बसला. मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं पत्र त्याच्याच आजूबाजूला आहे.

त्यात तुम्हाला काही विशेष वाटलं नाही, हेही मला दिसलं. मी नंतर विचारलं तेव्हा तुम्ही सरळ सांगितलं, "चालवणाऱ्याचं अर्धं ध्यान रस्त्यावर राहते. मागचा आवाज मागं बसल्याबिगर ऐकू येत नाही." म्हणजे मला मान वगैरे देण्याचा विचार तुमच्या डोक्यात नव्हता. काम नीट व्हायचं तर कान तिथं पाहिजे, आणि गाडी तर जिची तीच चालवणार, असं साधं गणित. मला त्याचंच जास्त वाटलं. एखाद्यानं "ताई, तुम्ही चालवा, आम्ही बायकांचा आदर करतो" म्हटलं असतं तर मी तिथूनच गाडी काढून सावनेर गाठलं असतं.

गल्लीत तुम्ही मागून सांगत होतात. तीसवर ठेव. आता क्लच दाब, दाबूनच ठेव, लोळू दे गाडी. क्लच दाबला, इंजिन शांत झालं, आणि टक् टक् मात्र चालूच. "इंजिन सुटलं," तुम्ही म्हणालात, जसं काही कोर्टात कोणाला जामीन मिळाला. मग खाली वाकून मोजायला लागलात. "चाकाच्या प्रत्येक फेऱ्याले येत असता तं बेअरिंग म्हणलो असतो. हा दोन-अडीच फेऱ्यांनी येऊन राहिला. म्हणजे चेनची एक फेरी. एक कडी जाम हाये."

आणि होती. डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद करून, चाक हातानं फिरवलं आणि तुम्ही बोट ठेवलं. बाकीच्या कड्या दात्यांवरून वळत येत होत्या, ही एक ताठच्या ताठ. चेन एका जागी ढिली, दुसऱ्या जागी तार. जिथं ढिली सापडली तिथं मोजून सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दरवेळी आवळली, त्यामुळं तार होती ती जागा आणखीच ताणली गेली. वर प्रेशरच्या पाण्यानं, साबणानं धुवायची आणि ऑइल न देता पाठवायची. "आवाज गाडीनं नाही केला, त्याइनं केला," असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य मी आमच्या ग्रुपवर टाकलं आहे.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तुमच्याजवळ नव्वद नंबरचं ऑइल निघालं (स्प्रेवाल्याला हे अजून पचलेलं नाही). ती कडी तुम्ही पकडीनं आजूबाजूला हलवून थोडी मोकळी केली, घरी पोहोचण्यापुरती. आणि तोंडानं माझी शाळा चालू. चेन ओढून पाहायची ती एका जागी नाही, चाक फिरवत चार जागी, आणि जिथं सगळ्यात जास्त ताणलेली असेल तिथं मोजून ढिलाई ठेवायची. किती ते गाडीच्या पुस्तकात असते, रोडच्या बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर. "चेन म्हंजे कंबरपट्टा हाये. तार बांधला तं जेवता येत नाही." केरोसिननं पुसायची, पेट्रोलनं नाही, कड्यांमधले रबर वाळतात. ऑइल निघताना नाही, आल्यावर, चेन गरम असताना, म्हणजे रात्रभर मुरतं. पावसात चालवली तर त्याच दिवशी, नाही तर दर 500 किलोमीटरला. आणि इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन पुसणाऱ्या माणसाची बोटं मोजून ठेवावी, कारण नंतर कमी भरतात. नवी चेन घेशील तेव्हा पुढचं आणि मागचं दोन्ही स्प्रॉकेट बदल, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली की तीही लवकर जाते.

हे सगळं कुठं शिकलात विचारलं तर "मोतीबागेत" म्हणालात. रेल्वेच्या छोट्या लाइनच्या (नॅरोगेजच्या) वर्कशॉपात फिटर. आम्ही उभे होतो त्या सौंसरहूनच ती लाइन जायची, नागपूर-छिंदवाडा, 2015 मध्ये बंद झाली, आता मोठी लाइन आहे. तुम्ही तिच्याबद्दल जास्त बोलला नाहीत. "तिले घाई नव्हती, म्हणून आम्हाले ऐकता यायचं," एवढंच.

घरी आल्यावर मला एक गोष्ट लक्षात येऊन राहिली. आपल्या नागपुरात मदत करणाऱ्यांची वाण नाही. बर्डीवर पत्ता विचारा, माणूस स्वतःचं काम टाकून सोबत येतो. मे महिन्यात अनोळखी दारात पाणी मागितलं तर माठातलं मिळतं, आणि "बसा थोडं" पण मिळतं. पण गाडीचं बोनेट उघडलं, हातात पाना आला, की आपल्यातल्या भल्याभल्यांना काय होतं कोणास ठाऊक. मदत राहते बाजूला आणि परीक्षा सुरू होते, त्यांची पण आणि आपली पण. तुमच्यापाशी मला परीक्षा द्यावी लागली नाही. माहिती तुमच्याजवळ होती, आवाज माझ्याजवळ होता, दोन्ही जोडले आणि कडी सापडली. सर्व्हिस सेंटरच्या त्या साहेबांना जमलं असतं. त्यांना फक्त मान थोडी वळवून माझ्याकडे बघायचं होतं.

ग्रुपमध्ये मी हा किस्सा सांगितला. आधी नेहमीसारखी चेष्टा झाली, "टाकीवर बसू का" हे वाक्य आता आमच्याकडे कायमचं झालं आहे. पण परवा पेटीवाल्याच्या गाडीचा मागचा ब्रेक किरकिरत होता, तेव्हा तो मला म्हणाला, "बस ना मागं, ऐक जरा." मी बसले. पॅड संपले होते. रामटेकच्याच रस्त्यावर संपले असतील, दुसरीकडे जातो कुठं.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही लेकीकडे रामाकोन्याला चालला होतात आणि संक्रांतीनंतर नागपूरला परत येतो म्हणालात. तुमच्या गाडीचा डावा इंडिकेटर मी आणून ठेवला आहे. जुन्या मॉडेलचा, त्यामुळं बऱ्याच दुकानांत फिरावं लागलं, पण ओरिजिनल मिळाला. रविवारी सकाळी आम्ही ठेल्यावर असतोच, नातवाला घेऊन या. लावून मी देते, तुम्ही पोहे खा. 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्बही आणला आहे, आणि तुम्ही वायर कशी जोडली असेल याचा अंदाज असल्यामुळं नवी वायरसुद्धा.

तुमची,
सौंसरची टक् टक् वाली