पकडलेली रोकड छापता, परत दिलेलीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात सीमेवरच्या नाक्यावर रोकड पकडल्याचा फोटो पाहिला. टेबलावर नोटांची चळत, मागे पथक, बाजूला मान खाली घातलेला एक माणूस. बातमीत रक्कम ‘बेहिशेबी’ ठरवूनही टाकली आहे. त्या माणसाचं म्हणणं काय, याची एक ओळ नाही. रात्रभर तो फोटो डोळ्यांपुढून हलला नाही, कारण एप्रिल 2024 मध्ये लोकसभेच्या वेळी त्याच्या जागी मी उभा होतो.

आमचा जत तालुका. त्या उन्हाळ्यात चारा नव्हता आणि डाळिंब टँकरवर जगवत होतो. शेवटी दावणीची खिलार बैलजोडी कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका शेतकऱ्याला द्यायचं ठरलं. रुमालाखाली बोटं धरून 1,85,000 रुपयांना सौदा पटला. त्यांनी पाचशेच्या नोटा मोजून दिल्या. मी त्या कोपरीच्या आतल्या खिशात घातल्या आणि पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघालो. हद्द ओलांडली आणि नाक्यावर अडवलं.

“पावती दाखवा.”

“साहेब, घरच्या दारात बैल विकले, पावती कोण देणार?”

“मग पैसे बैलांचेच कशावरून?”

जोडीचे कासरे मी माघारी आणले होते, ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. साहेब उद्धट नव्हते, त्यांनी ते बाजूला सरकवले आणि नोटा मोजायला घेतल्या. तीनदा मोजल्या, व्हिडिओ काढला, कागदावर माझी सही घेतली. पन्नास हजारांच्या वर आहे, जप्त होणार, एवढंच सांगितलं.

हा पन्नास हजारांचा नियम काय आहे, हे मला नंतर वाचून कळलं. निवडणूक आयोगाच्या सूचनेत ती मर्यादा आहे ती उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता बसलेल्या, नाहीतर प्रचाराचं साहित्य असलेल्या गाडीसाठी. माझ्याकडे ना झेंडा होता, ना पत्रक. एखाद्याकडे दहा लाखांच्या वर सापडले आणि गुन्ह्याचा किंवा उमेदवाराशी संबंधाचा संशय नसेल, तर पथकाने जप्ती न करता आयकर खात्याला कळवायचं, असं त्याच सूचनेत आहे. म्हणजे दहा लाखवाल्याचे पैसे त्याच्याकडे राहणार आणि बैल विकणाऱ्याचे कोषागारात जाणार? दोन लाखांच्या आतली रोख रक्कम घ्यायला तर आयकर कायद्याचीही आडकाठी नाही.

त्याहून जास्त राग मला दुसऱ्या गोष्टीचा आहे. जप्त रक्कम सोडवायला जिल्ह्यात तिघांची समिती असते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. गुन्हा दाखल नसेल तर समितीने आपणहून प्रकरण बघायचं. दाद कुठे मागायची हे जप्तीच्या कागदावर लिहायचं आणि त्या माणसाला तिथल्या तिथे सांगायचं. मतदानानंतर सात दिवसांच्या पुढे रक्कम अडकवून ठेवायची नाही. आमच्याकडे मतदान 7 मे रोजी झालं. मला पैसे मिळाले 27 मे रोजी. समिती आहे हे मला नाक्यावर कोणी सांगितलं नाही, तिसऱ्या हेलपाट्याला एका कारकुनाने सांगितलं. मग घेणाऱ्या शेतकऱ्याचं लेखी घेतलं, बैलांच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा अंकी नंबर जनावरांच्या दवाखान्यातून लिहून आणले आणि अर्ज केला. तोवर टँकरवाल्याने उधारी बंद केली होती. अडीचशे झाडं वाळली.

पैसे वाटले जातात हे आम्ही गावात डोळ्यांनी बघतो. तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2024 च्या लोकसभेत 18 मेपर्यंत देशभरात 8,889 कोटींचा ऐवज पकडल्याचं आयोगाने जाहीर केलं, त्यात रोकड 849 कोटी होती. हे आकडे सगळीकडे छापून आले. त्या 849 कोटींतले किती परत करावे लागले? किती प्रकरणांत गुन्हा शाबीत झाला? ते मी कुठल्या पेपरात वाचलेलं नाही. माझे पैसे पकडले तेव्हा एका पेपरात ‘सीमेवर रोकडसह एक ताब्यात’ असं आलं होतं, गावाच्या नावासह. सोयऱ्यांनी फोन करून विचारलं, कुठल्या पक्षाचे होते? पैसे परत मिळाल्याची बातमी द्या म्हणून मी त्या कार्यालयात कागद घेऊन गेलो. “बघतो” म्हणाले. आली नाही.

आणि रोख कशाला बाळगता, ऑनलाइन घ्या, असं आम्हाला सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या गावच्या बँकेत यावं. ‘लिंक नाही, उद्या या’ हे आठवड्यातून दोनदा ऐकायला मिळतं. एटीएमचं शटर दिवाळीपासून खाली आहे. याबद्दल मी तुम्हाला मागेही लिहिलं होतं, ते पत्र छापलं नाहीत.

आता पुन्हा नाके लागलेत. तुमच्या बातमीदाराला एवढंच सांगा, की कालच्या फोटोतल्या माणसाला समितीची माहिती दिली का, हे आजच पथकाला विचारावं. आणि त्याचे पैसे सुटले, तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापावं.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. जत