उत्प्रेरकाने वेग वाढतो, उष्णता वाचत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हायड्रोजन साठवणाऱ्या पदार्थांवरचा रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. फक्त ‘चिमूटभर उत्प्रेरक घातला की मॅग्नेशियम हायड्राइड साध्या तापमानालाच हायड्रोजन सोडते’ हे वाक्य खटकले. बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे राहवले नाही.

या हायड्राइडमध्ये, म्हणजे मॅग्नेशियम आणि हायड्रोजनच्या संयुगात, वजनाच्या 7.6 टक्के हायड्रोजन मावतो. तो सोडवायला हायड्रोजनच्या दर मोलमागे (सुमारे दोन ग्रॅममागे) 75 किलोज्यूलच्या आसपास उष्णता ओतावी लागते. म्हणजे तोच हायड्रोजन जाळून जी उष्णता मिळेल तिचा चतुर्थांशाहून मोठा वाटा. नेहमीच्या हवेच्या दाबाला तापमानही 280 अंश सेल्सिअसच्या घरात न्यावे लागते. उत्प्रेरकाने हे देणे चुकत नाही. तासांचे काम तो मिनिटांवर आणतो, एवढेच. अर्थात तेही थोडके नव्हे. 1997 मध्ये बोग्दानोविच आणि श्विकार्डी या संशोधकांनी सोडियम अ‍ॅलनेट या हायड्रोजन साठवणाऱ्या दुसऱ्या संयुगात उत्प्रेरक म्हणून टायटॅनियम मिसळले, तेव्हा कुठे सोडलेला हायड्रोजन त्यात बेताच्या तापमान-दाबाला परत भरता येऊ लागला.

लेखात जी बाजू राहून गेली ती मला जास्त गमतीची वाटते. पोलादी डब्यात पोलादी गोळ्यांबरोबर मॅग्नेशियम हायड्राइडची पूड तासन्‌तास घुसळली की आतले स्फटिक दहा-वीस नॅनोमीटरपर्यंत बारीक होतात आणि हायड्रोजनला आत-बाहेर करायला वाटा फुटतात. पण पूड पुन्हा पुन्हा तापवली की तेच स्फटिक एकमेकांना चिकटून वाढतात. आमच्या फोंड्यात आषाढात पिठीसाखरेचा डबा उघडून पाहावा: चमचा रुततच नाही. तिच्यात थोडे कॉर्नफ्लोअर घातलेले असेल तर ती मोकळी राहते (कारण वेगळे, दमटपणाचे, पण चित्र तेच). नायोबियम ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकाची भर हेही काम करते: पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू फोडते-जोडते, शिवाय स्फटिकांच्या मध्ये बसून त्यांना वाढू देत नाही.

मात्र ही भर स्वतः हायड्रोजन साठवत नाही. शंभरात दहा भाग तिचे केले की 7.6 चे 6.8 उरतात.

2024 च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या बेतुलला इंडिया एनर्जी वीक हा ऊर्जाविषयक मेळावा भरला, तेव्हापासून आपल्याकडे हायड्रोजनच्या बातम्या वाढल्या आहेत, हे चांगलेच. पुढच्या वेळी संशोधकांना एवढे जरूर विचारावे: साठवणीचा आकडा हायड्रोजन भरण्या-सोडण्याच्या पहिल्या फेरीचा की शंभराव्या, आणि भरीचे वजन धरून की वगळून?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा