निर्गुंडी खरंच दुखणं थांबवते का, हे तपासताना

पुणे,
१२ ऑगस्ट

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एम. फार्म.च्या मुलांकडून निर्गुंडीच्या पानांची उंदरांवर वेदनाशामक चाचणी करून घ्यायचं तू ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. ओढ्याकाठी आणि बांधावर उगवणारं हे झुडूप गुडघेदुखीसाठी आपल्याकडे घरोघरी वापरतात, त्यामुळे त्याची नीट परीक्षा व्हायलाच हवी. तू पद्धत विचारली आहेस. ती सविस्तर लिहितो, पण मुलांच्या मनात आधी एक गोष्ट पक्की बसव. उंदीर गप्प बसला म्हणून त्याचं दुखणं थांबलं, असं होत नाही. त्याला गुंगी आली असेल, पाय ढिले पडले असतील किंवा पोट बिघडल्यामुळे तो कोपऱ्यात बसला असेल. तुझी सगळी आखणी या प्रश्नाभोवती हवी.

सुरुवात पानांपासून. निर्गुंडी म्हणजे व्हायटेक्स नेगुंडो. पान हाताच्या पंजासारखं, तीन ते पाच पर्णिका, खालची बाजू पांढरट-राखी आणि लवदार, चुरडल्यावर उग्र वास. किनाऱ्याकडच्या भागात याच कुळातली व्हायटेक्स ट्रायफोलिया सापडते आणि तिलाही लोक निर्गुंडीच म्हणतात. म्हणून फुलाफळांसकट फांदी दाबून वाळवून घे आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा आघारकर संशोधन संस्थेकडून ओळख पटवून नमुना क्रमांक घे. पानं बाजारातल्या वनौषधी दुकानातून आणू नकोस. तिथल्या पोत्यात काड्या किती, पानं कधीची आणि कोणत्या झाडाची, हे कोणालाच सांगता येत नाही.

पानं सावलीत, वारा खेळेल अशी पसरून वाळव. वाळताना साधारण पाऊण वजन उडतं. पावसाळ्यात बुरशीचा धोका असतो, तेव्हा ट्रे ड्रायर लाव, पण ४० अंशांच्या वर नेऊ नकोस. पानांत उडून जाणारं तेल असतं आणि तेही औषधाचा भाग आहे. भरड पूड ४० नंबरच्या चाळणीतून काढ. मैदा केलास तर गाळताना फिल्टर पेपर तुंबतो. २०० ग्रॅम पूड दोन लिटर ७० टक्के इथेनॉलमध्ये बंद बरणीत ७२ तास ठेव, अधूनमधून हलव, मग गाळून रोटरीवर (कमी दाबाखाली अल्कोहोल उडवणारं यंत्र) ४५ अंशांखाली आटव. सॉक्सलेटही (गरम अल्कोहोल फिरवून अर्क काढणारं उपकरण) चालतो, पण त्यात अर्क तासन् तास उकळत राहतो.

सर्रास होणारी पहिली चूक इथेच होते. रोटरीतून निघालेला चिकट काळपट-हिरवा गोळा पाहून मुलं म्हणतात, झाला अर्क. त्यात अजून अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलने उंदीर सुस्तावतो. म्हणून तो उथळ बशीत पसरून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेव आणि लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत वाळव. १०० ग्रॅम पुडीमागे १० ग्रॅम अर्क धरून हिशेब कर, प्रत्यक्षात जे निघेल ते नोंदव. सगळ्या चाचण्यांना एकाच दिवशी तोडलेल्या पानांची एकच बॅच वापर. सिलिका जेल ६० एफ २५४ च्या पट्टीवर अॅग्नुसाइड या निर्गुंडीतल्या घटकाशी ताडून त्या बॅचचं एचपीटीएलसी (अर्कातले घटक पट्टीवर वेगळे करून दाखवणारी तपासणी) काढून ठेव आणि थोडा अर्क फ्रीजमध्ये राखून ठेव. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला वेगळा निकाल आला, तर फरक पानांत होता की हातात, हे तेव्हा कळेल.

प्राण्यांचं काम संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या लेखी मंजुरीशिवाय सुरू होत नाही. अशा समित्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ज्या केंद्रीय समितीला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, तिचं नाव आता सीसीएसईए आहे. अर्ज फॉर्म बी वर. उंदीर नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच घ्यायचे. स्विस अल्बिनो, २० ते २५ ग्रॅमचे, सगळे एकाच लिंगाचे. आल्यावर किमान सात दिवस त्यांना जागेची सवय होऊ दे, १२ तास उजेड, १२ तास अंधार, तापमान २२ अंशांच्या आसपास. एका चाचणीतला उंदीर दुसऱ्या चाचणीत वापरायचा नाही.

कंट्रोल (अर्काशिवाय नुसतं द्रव), ठरावीक औषध (ज्याचा परिणाम आधीच माहीत आहे असं, तुलनेसाठी) आणि अर्काचे तीन डोस, असे सहा-सहाचे पाच गट म्हणजे एका चाचणीला ३० उंदीर. चार चाचण्यांचे १२० आणि विषारीपणाच्या तपासाचे सहा. ही संख्या अर्जात कारणासह लिहावी लागते आणि लिहायलाच हवी. हे जीव वेदना सोसणार आहेत. खराब आखणीमुळे ३० उंदीर वाया जाणं मला सहन होत नाही, तुलाही होणार नाही.

डोस ठरवण्याआधी ओईसीडी ४२३ या विषारीपणा तपासायच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे २००० मि.ग्रॅ. प्रतिकिलो देऊन पाहा, आधी तीन मादी उंदीर, मग आणखी तीन. पहिले चार तास डोळ्यांसमोर ठेव, नंतर १४ दिवस रोज पाहा. हा डोस किलोला १० मिलीत बसवायला गेलास तर मिश्रण इतकं दाट होतं की सुईतून उतरत नाही. किलोला २० मिली धर, म्हणजे १०० मि.ग्रॅ. प्रतिमिली. पुढच्या चाचण्यांना १००, २०० आणि ४०० मि.ग्रॅ. पुरेत. उंदराचा डोस माणसासाठी काढताना १२.३ ने भागतात. २०० चे होतात साधारण १६ मि.ग्रॅ. प्रतिकिलो, ६० किलोच्या माणसाला सुमारे एक ग्रॅम अर्क, म्हणजे दहाएक ग्रॅम वाळलेली पानं. ४०० ला ती वीस ग्रॅम झाली. त्याच्या पुढे गेलास तर माणूस रोज घेऊच शकणार नाही अशा मात्रेवर तू काम करशील. ८०० किंवा १००० ला परिणाम दिसला अशा प्रबंधांना म्हणूनच माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

अर्क पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तेव्हा ०.५ टक्के सीएमसीत (पाणी दाट करणारी डिंकासारखी पूड) खलून घे. सीएमसी थंड पाण्यात एकदम टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या दिवसभर मोडत नाहीत. कोमट पाणी ढवळत वरून भुरभुर. आधी अर्क दोन थेंब सीएमसीत खलात चांगला घोट, मग उरलेलं हळूहळू घाल. द्यायचं प्रमाण किलोला १० मिली, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिली. २०० च्या डोसला २० मि.ग्रॅ. प्रतिमिली. प्रत्येक उंदराला देण्याआधी बाटली हलवायचीच, नाहीतर गटातल्या पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. उंदरांचं अन्न तीन-चार तास काढ, पाणी काढू नकोस. रात्रभर उपाशी ठेवलेला उंदीर आधीच थकलेला असतो.

आता क्रम. बहुतेक ठिकाणी आधी वेदनेच्या चाचण्या करतात आणि रोटारॉड, म्हणजे फिरत्या दांड्यावर उंदीर तोल सांभाळतो का ही चाचणी, शेवटी, जमलं तर. तू उलटं कर. निर्गुंडीच्या पानांच्या अर्काने पेंटोबार्बिटोन या झोपेच्या औषधाची झोप लांबते, हे १९९९ मध्येच छापून आलं आहे. म्हणजे गुंगीची शंका इथे खरी आहे. फिरत्या दांड्यावर, मिनिटाला १५ फेरे, १२० सेकंद टिकणारे उंदीर आदल्या दिवशी निवड. अर्क दिल्यावर ३०, ६० आणि ९० मिनिटांनी पुन्हा दांड्यावर ठेव. ठरावीक औषध म्हणून डायझेपाम हे गुंगीचं औषध घे. एखाद्या डोसला उंदीर पडायला लागले, तर तो डोस पुढच्या चाचण्यांतून काढून टाक. उंदीरही वाचतील आणि खोटा निकालही टळेल.

मग राइदिंग, म्हणजे पोटातल्या कळांची चाचणी. अर्कानंतर ६० मिनिटांनी, डायक्लोफिनॅक (नेहमीचं वेदना-सुजेचं औषध) १० मि.ग्रॅ. प्रतिकिलो हे ठरावीक औषध, आणि ०.६ टक्के अॅसिटिक अॅसिड किलोला १० मिली पोटाच्या पोकळीत. अॅसिड त्याच सकाळी ग्लेशियलपासून (पाणी न मिसळलेलं शुद्ध अॅसिड) बनव. सुई उजव्या बाजूला, खालच्या भागात घाल. डावीकडे अंधांत्राची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची, पिशवी असते. सुई तिच्यात किंवा मूत्राशयात गेली तर अॅसिड पोकळीत पोचत नाही, कळा येत नाहीत आणि तो उंदीर औषधाने बरा झालासा दिसतो.

पहिली पाच मिनिटं सोडून पुढची २० मिनिटं मोज. मोजायचं काय, हे मुलांना आधी व्हिडिओवर दाखव. उंदीर थांबतो, पोट आत ओढून घेतो, अंग लांब करतो, मागचे पाय ताणले जातात, पोट जमिनीला टेकतं आणि कधी धड एका बाजूला पिळवटतं. एवढं झालं की एक. नुसतं पोट आकसलं किंवा पाय चाटला, तर मोजायचं नाही. दोन मुलांना एकच व्हिडिओ देऊन आकडे जुळेपर्यंत सराव करून घे. कंट्रोल गटात २० मिनिटांत सरासरी तीसेक कळा तरी दिसायला हव्यात. दहा-बारावरच अडकलं तर अॅसिड किंवा सुई चुकली आहे, तिथेच थांब. कंट्रोलची सरासरी ४० आणि अर्काची २२ आली, तर घट ४५ टक्के. बघणं संपलं की त्या उंदराला लगेच वेदनारहित मरण दे, पुढच्या पिंजऱ्यासाठी ताटकळत ठेवू नकोस.

या चाचणीत एक मोठी खोट आहे. गुंगीची औषधं, स्नायू ढिले करणारी औषधं, अॅलर्जीच्या गोळ्यासुद्धा कळा कमी करतात. म्हणून एवढ्यावर कोणी ‘वेदनाशामक’ म्हटलं तर मानू नकोस.

मग हॉट प्लेट, म्हणजे तापलेल्या ताटावर उंदीर किती वेळ टिकतो ही चाचणी. ताट ५५ अंशांवर, अर्ध्या अंशाच्या आत. प्लेटच्या कडा आणि मध्य यांत फरक असतो, तो वेगळ्या थर्मामीटरने तपास. प्रत्येक उंदरानंतर लघवी पुसून कोरडं कर. पाय चाटणं किंवा उडी, यातलं पहिलं जे होईल ती वेळ. १५ सेकंदांना काहीही झालं तरी उचल, नाहीतर तळवे भाजतात. औषधाआधीची वेळ ३ सेकंद, नंतरची ६ असेल, तर (६ − ३) ला (१५ − ३) ने भागून २५ टक्के. ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना बघ, त्याहून जास्त वेळा नको. उंदीर ताट ओळखायला लागतो आणि ठेवताक्षणी उडी मारतो. इथे डायक्लोफिनॅक ठरावीक औषध म्हणून चालत नाही, त्याचा या चाचणीत जेमतेम परिणाम दिसतो. मॉर्फिन, पेंटाझोसिन किंवा ट्रॅमाडॉल लागेल. तिन्ही एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, ट्रॅमाडॉल २०१८ पासून. परवानगी आणि नोंदवही यांची तयारी आत्तापासून कर.

वेदनेच्या तिन्ही चाचण्यांत मला सर्वांत भरवशाची वाटते ती फॉर्मॅलिनची. मागच्या पायाच्या तळव्यात २.५ टक्के फॉर्मॅलिनचे २० मायक्रोलिटर, आणि उंदीर तो पाय किती सेकंद चाटतो हे मोजायचं. पहिली पाच मिनिटं थेट मज्जातंतूंची वेदना, मग शांतता, आणि १५ ते ३० मिनिटांत सूज येऊन उठणारी दुसरी लाट. अर्काने फक्त दुसरी लाट दबली, तर काम सुजेवर. दोन्ही दबल्या आणि रोटारॉड स्वच्छ असेल, तर मज्जासंस्थेवरही परिणाम आहे असं म्हणायला जागा आहे. २००५ च्या एका भारतीय अभ्यासात पानांच्या इथेनॉल अर्काचा (१००, २५०, ५०० मि.ग्रॅ.) परिणाम टेल फ्लिक (उष्णता लागल्यावर शेपूट किती वेळात झटकतो ही चाचणी) आणि राइदिंग दोन्हींत दिसला, आणि अफूजन्य औषधांचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनच्या १ मि.ग्रॅ. डोसने तो उलटला नाही. म्हणजे मार्ग अफूसारखा नसावा. तुझ्या हॉट प्लेटमध्ये परिणाम दिसला तरच नॅलोक्सोनच्या गटासाठी समितीकडे वेगळा अर्ज कर, आधीच उंदीर मागून ठेवू नकोस.

मोजणाऱ्याला गट कळता कामा नये, आणि वनौषधीत हे जड जातं. अर्क गर्द हिरवा, वास लपत नाही, कंट्रोल पाण्यासारखा. देणारा माणूस वेगळा आणि मोजणारा वेगळा, असंच करावं लागतं. देताना मोजणारा खोलीबाहेर. पिंजऱ्यावर अ, ब, क, ड, इ, आणि किल्ली तुझ्या कपाटात. अर्क दिलेल्या उंदराच्या तोंडाला हिरवा डाग राहतो, तो ओल्या कापसाने पुसून मगच पिंजरा आत जाऊ दे. सगळं सकाळी नऊ ते एकच्या दरम्यान, आणि दर दिवशी प्रत्येक गटातले थोडे थोडे. सोमवारी कंट्रोल, मंगळवारी अर्क, असं केलंस तर तुझा फरक वाराचा असेल. गटांची तुलना संख्याशास्त्रातल्या एकमार्गी अनोव्हाने आणि नंतर प्रत्येक गट कंट्रोलशी ताडणाऱ्या डनेट पद्धतीने. हॉट प्लेटला तेच उंदीर पुन्हा पुन्हा मोजतोस, म्हणून तिथे पुनरावृत्तीचा अनोव्हा.

एक गोष्ट राहिली, आणि ती मुलांनी प्रबंधात लिहावी असं मला फार वाटतं. घरी निर्गुंडी पोटात क्वचितच घेतात. पानं तव्यावर गरम करून, एरंडेल लावून गुडघ्यावर बांधतात. त्यात उष्णता आहे, चोळणं आहे, बांधल्याचा आधार आहे. तोंडावाटे दिलेल्या अर्काचा निकाल त्या शेकाबद्दल काहीच सांगत नाही, होकारार्थी आला तरी नाही आणि नकारार्थी आला तरी नाही. शेकाची परीक्षा घ्यायची तर अर्काचं जेल, अर्क न घातलेलं तसंच जेल आणि तितक्याच उष्णतेचा साधा शेक, असे गट लागतील. सूज आणलेल्या पायावर दाब वाढवत नेऊन पाय कधी ओढतो हे पाहणारी रॅन्डल-सेलिटो पद्धत त्याला बरी.

नोंदीच्या तक्त्याचा नमुना सोबत पाठवतो आहे. दर उंदरामागे वजन, दिलेले मिली, दिल्याची वेळ, मोजल्याची वेळ आणि शेरा, असे रकाने आहेत. शेऱ्यात ‘सुई देताना झटापट’, ‘अर्क तोंडातून बाहेर आला’ असं जे घडेल ते त्याच क्षणी लिहायला सांग, संध्याकाळी आठवून नको. रोटारॉडचे आकडे आले की राइदिंग सुरू करण्याआधी मला पाठव, ४०० चा डोस ठेवायचा की नाही ते आपण मिळून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत