आई, माझ्यामुळे तू इंजेक्शनला नाही म्हणू नकोस

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गेले अठरा दिवस मी व्हिडिओ कॉल टाळला. नेट नाही, ऑफिसात आहे, कुकर लावलाय, रोज एक सबब. परवा बाबांनी ह्यांना फोन करून विचारलं, "ती बरी आहे ना?" ते कळल्यावर रात्रभर डोळा लागला नाही.

नणंदेच्या लग्नाआधी मी भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स घेतलं. इथे वडोदऱ्यातच, एका क्लिनिकमध्ये. पाच ठिकाणी टोचलं आणि दहा मिनिटांत घरी पाठवलं. पाचव्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर उजवी पापणी निम्म्यावर उतरलेली. बाबा, मला आजोबांना लकवा झाला ती सकाळ आठवली. बेसिनपाशी उभी राहून मी हसून पाहिलं, दोन्ही हात वर केले, मोठ्याने तुमची नावं घेतली. सगळं ठीक होतं, तरी पाय थरथरत होते. ह्यांनी मला तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाहुल्या, डोळ्यांची हालचाल, हातापायांतली ताकद असं सगळं तपासलं आणि लकवा नाही म्हणाले. टोचलेलं औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं होतं.

हे औषध नसेच्या टोकाकडून स्नायूला मिळणारा निरोप थांबवतं. त्यावर उतारा नाही. नस पुन्हा कामाला लागेपर्यंत थांबावं लागतं. पापणी बहुधा काही आठवड्यांत वर येते. तोवर अ‍ॅप्राक्लोनिडीनचे थेंब दिलेत. त्यांनी एक-दोन मिलिमीटर उचल मिळते, तीही काही तासांपुरती. कालपासून बाहुली पूर्ण दिसायला लागली आहे.

क्लिनिकला फोन केला तर "असर उतरेल आपोआप" एवढंच उत्तर मिळालं. कोणत्या कंपनीचं औषध, किती युनिट, काहीही लिहून दिलेलं नव्हतं. पापणी पडू शकते हेही आधी कुणी सांगितलं नाही. याचा मला अजून राग आहे.

आता आई, तुझ्याबद्दल. तुझे डोळे आपोआप घट्ट मिटतात, त्यावर इंदूरच्या डॉक्टरांनी हेच औषध सुचवलंय, आणि तू तीन महिने "बघू" म्हणते आहेस. माझी पापणी पाहून तू कायमची नाही म्हणशील, याच भीतीने मी तोंड लपवलं. पण हे औषध मुळात डोळ्यांच्याच आजारांसाठी आलं. अमेरिकेत 1989 मध्ये तिरळेपणा आणि तुझ्यासारखा पापण्यांचा झटका यांसाठी त्याला मान्यता मिळाली; आठ्यांसाठी ती मिळाली 2002 मध्ये. मी हौसेसाठी घेतलं. तुला ते राजवाड्याच्या गर्दीत धडपडू नये, रस्ता नीट ओलांडता यावा म्हणून हवंय. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नकोस.

धोका तुलाही आहे, हेही सांगते. पापणी पडू शकते, डोळा कोरडा पडू शकतो. असर साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. बाबा, तुम्ही सोबत जा आणि औषधाचं नाव आणि युनिट कागदावर लिहून घ्या. एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाएवढं नसतं. आईची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे आधीच सांगा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. टोचल्यावर तिला डोळे चोळू देऊ नका. आणि पुढच्या काही दिवसांत, अगदी आठवड्यांतही, गिळायला त्रास झाला, आवाज बदलला, श्वास लागला, तर सकाळची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या. असं क्वचित होतं, पण झालं तर वेळ घालवायचा नाही.

तारीख ठरली की लगेच कळवा. मी चार दिवसांची रजा मागून ठेवली आहे, अवंतिका एक्सप्रेसने येते. आणि आज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते. आई, माझ्या उजव्या डोळ्याकडे नीट बघ आणि जे विचारायचं ते मलाच विचार.

तुमची,
ताई