नळीची खालची बाजू दाखवल्याबद्दल

आदरणीय काका,
शि. सा. न.

‘कंपनी सरकारची, १८५७ ची, अस्सल’ म्हणून सांगितल्या गेलेल्या त्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या) बंदुकीला तुम्ही शनिवारची अख्खी दुपार दिलीत आणि चहापलीकडे काही घेतलं नाहीत. तोंडी आभार मानून झालेच आहेत. पण त्या दुपारी दाखवलेलं जुनी हत्यारं घेणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

बंदूक हातात येताच आम्ही शिक्के बघायला वाकलो आणि तुम्ही गज मागितलात. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडापाशी चिकटपट्टीची खूण करायची, मग बाहेर काढून नळीच्या कडेला तसाच धरायचा. टोक कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या बारीक छिद्रापर्यंत, पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे थांबलं तर आत बार ठासलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तशी नळी तापवायची नाही, ड्रिल लावायचं नाही; परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला बोलवायचं. तोवर तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही.

कागदांचं तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. जुनं आहे म्हणून परवाना नको, हा समज खोटा. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट मिळते ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. लंडन किंवा न्यू जर्सीच्या दिवाणखान्यात पूर्वजांची बंदूक टांगायची स्वप्नं असणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगावं.

मग शिक्का. बदामाचा आकार, त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं, डोक्यावर इंग्रजी चार. खूण कंपनीचीच, पण १८०८ च्या सुमारास लॉकवरचा (घोडा-चापाच्या यंत्रणेच्या पट्टीवरचा) बदाम जाऊन मागच्या पायांवर उभा सिंह आला. पुढे १८४० च्या दशकात चकमक मागे पडून टोपीची, म्हणजे स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणारी, बंदूक आली. म्हणजे चकमकीचा घोडा, बदाम आणि १८५७ एकाच लॉकवर असतील तर पन्नास वर्षांचा घोळ आहे. ५७ म्हटलं की गिऱ्हाईक भारावतं, म्हणून हेच साल ठोकतात. जुन्या लॉकवर कारागिराचं नाव आणि १८०० च्या आगेमागचं साल सापडलं, तर ते कमी रोमांचक असलं तरी जास्त खरं.

साल जुळलं तरी शिक्का जुना असेलच असं नाही, आणि ती तपासणी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली. दहापट भिंग, तिरका उजेड. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो. अॅसिडने खाल्लेल्या अक्षराचा तळ सपाट आणि रवाळ दिसतो. फिरत्या हत्याराने कोरलेलं अक्षर वळणावर थरथरतं. मग गंजाचा खड्डा अक्षराला जिथे छेदतो ती जागा शोधायची. अक्षर आधीचं असेल तर खड्ड्याने त्याची कड खाल्लेली दिसते. इथे ‘सी’चा पाय थेट खड्ड्यात उतरला होता आणि खड्ड्याच्या तळाशीही त्याची कड धारदार होती. आधी गंज, नंतर अक्षर!

लॉक काढण्याची पद्धत तर शिकवणीच होती. घोडा अर्ध्या चापावर, म्हणजे अर्धाच ओढलेला. बाजूचे दोन्ही स्क्रू तीन-चार आटे सैल करायचे आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने आळीपाळीने हलकेच ठोकायचं, म्हणजे लॉक सरळ बाहेर येतं. पेचकसाने उचकटलं की रंजकदाणीजवळच्या (पेटवायची दारू ठेवायच्या वाटीजवळच्या) लाकडाची खपली निघते आणि ती पुन्हा बसत नाही. पेचकसही खाचेच्या जाडीचाच घ्यायचा. आत प्रत्येक भागावर जुळणीच्या बारीक खुणा सारख्याच हव्यात. स्क्रूवर आटे मोजायची १ मिलिमीटरची फणी तंतोतंत बसली तर तो आजच्या बाजारातला मेट्रिक मापाचा एम-६ स्क्रू. एखादा स्क्रू बदललेला चालतो, सगळेच तसे निघाले तर नाही. गारगोटी जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीवर खालच्या कोपऱ्यात कानस टेकवायची: पाणी दिलेलं असेल तर ती घसरते, नसेल तर चावते. घोडा रिकामा आपटायचा नाही, अंगठ्याने खाली आणायचा.

शेवटी नळी. इंडिया पॅटर्न या नमुन्याच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची, भोक पाऊण इंचाचं, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. झिजून थोडं वाढतं. पण जाडी मोजायचा व्हर्नियर बाहेरूनही लावायचा. खरी नळी कानाकडे जाड आणि तोंडाकडे निमुळती असते. जाडी शेवटपर्यंत सारखी असली, तर ती पाइपाची असण्याचा संशय घ्यावा. आडव्या पिना पितळी पंचाने काढून नळी उलटी केलीत तेव्हा विकणारा पहिल्यांदा गप्प झाला. खाली ना कारागिराचा शिक्का, ना कानशीच्या खुणा. वर खड्डे आणि खाली एकसारखा नारिंगी गंज. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकून पांढरं फडकं फिरवलं की हा गंज लगेच उतरतो. जुना तपकिरी थर घट्ट असतो, फडकं जेमतेम मळतं.

लाकडाबाबत तुम्ही आम्हाला आवरलंत, हे बरं झालं. विलायती कुंदा (बंदुकीचं लाकूड) अक्रोडाचा, म्हणून शिसवी तुकडा दिसताच आम्ही ‘बनावट’ म्हणत होतो. इथल्या सुताराने कधीतरी केलेली दुरुस्ती बंदुकीला खोटं ठरवत नाही. तसंच चकमकीची टोपीची केली आणि किमतीसाठी पुन्हा चकमकीची केली, असंही होतं. तेव्हा कानाभोवती बुजवलेलं मोठं भोक आणि लॉकवर बिनकामाची छिद्रं शोधायची. तीही खरी बंदूक, फक्त भाव वेगळा.

ती बंदूक आम्ही घेतली नाही. तुमचा पितळी पंच चुकून आमच्या पिशवीत आला होता, तो या पत्रासोबत पाठवतो आहोत. पुढच्या महिन्यात एक तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) बंदूक बघायला जायचं आहे. या वेळी गज आणि भिंग आमचं असेल, पण तुम्ही याल ना?

तुमचे,
पुण्याची जुनी हत्यारं जमवणारी मंडळी