घड्याळ बघून वळा: अंबाझरीच्या रानात चालण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

दिवाळी उरकली, नागपुरात गारवा पडला. आता कॉलनीतल्या सिमेंटच्या रस्त्याऐवजी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात चालायला लागा, असं फार वाटतं. तलावामागच्या त्या रानात वाटा रुंद आहेत आणि चढ बेताचे. गोरेवाडा सफारीच्या गाडीतून बघू, ते बिबट्याचं रान आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. किती लांब जायचं ते घड्याळावर ठरवा, "त्या वळणापर्यंत जाऊ" असं नको. पहिला आठवडा वीस मिनिटं जायचं आणि जिथे असाल तिथून वळायचं. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. जाताना हवा थंड असते, थकवा कळत नाही. परतताना ऊन वर आलेलं असतं आणि मांड्या थकलेल्या. मांडी थकली की पाऊल पुरेसं उचललं जात नाही, मग बोटभर दगडालाही ठेच लागते. दोघांपैकी जो आधी थकेल त्याच्यासोबत दुसऱ्यानेही वळायचं. बाबा, हे खास तुमच्यासाठी.

वेग कसा ओळखायचा? चालताना सलग बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं तर हळू व्हा. बाबांची बीपीची गोळी नाडीचा वेग दाबून ठेवते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. छातीत दडपण आलं किंवा घेरी आली तर जागीच बसायचं आणि 108 ला फोन लावायचा.

आता पायाखालचं. नागपूरच्या या पश्चिम भागात काळा बेसाल्ट आहे, तो झिजून मुरूम होतो. घट्ट वाटेवर मुरमाचे सुटे खडे पसरले की पायाखाली गोट्यांसारखे फिरतात, आणि उतारावर माणूस पाठीवर पडतो. उतरताना पावलं निम्मी करा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि टाच न रोवता अख्खा तळवा टेकवा. काठी आधी, पाय मागून. उतार जास्त असेल तर सरळ न उतरता तिरकं, नागमोडी उतरा. आईचे गुडघे चढताना नाही, उतरताना दुखतील. म्हणून जाताना चढ असलेल्या वाटेवर वीस मिनिटांऐवजी पंधराव्या मिनिटालाच वळा. सागाची पानं गळून पडली असतील तिथे खाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही. काठीने चाचपून मगच पाय टाका. अवकाळी पाऊस झाला तर दोन कोरडे दिवस जाऊ द्या. काळी माती तळव्याच्या खाचांत भरली की बुटाची पकड संपते.

बाबा, तुमचा बायफोकल चष्मा घरी ठेवा. त्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतराचा असतो, त्यातून पायाजवळची जमीन पुसट दिसते. फक्त लांबचा नंबर असलेला चष्मा वेगळा करून घ्या. नीलपंख दिसला की दुर्बीण लावा, पण आधी थांबा.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघा, पुढे अंगठाभर जागा हवी. नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात. कपाटातले जुने बूट घालू नका. वरून नवे दिसले तरी फोमचा तळवा पडून पडून कुजतो आणि भर वाटेत सुटून येतो. काठीची उंची अशी, की मूठ धरल्यावर कोपर काटकोनात राहील.

आई, तू मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतेस, त्या गोळीने साखर फार उतरू शकते, म्हणून उपाशीपोटी निघू नकोस. अर्धी पोळी आणि दूध पुरे. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेव. हात थरथरले, घाम फुटला की ती लगेच खायची आणि पंधरा मिनिटं बसायचं. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बिस्किटाने काम होत नाही, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. बरं वाटल्यावर चिवडा खा. घरी आल्यावर तळपाय आरशात बघ, मधुमेहात पायांची जाणीव कमी होऊ शकते, फोड आला तरी तुला कळणार नाही.

सूर्य उगवल्यावरच आत जा, डिसेंबरात म्हणजे पावणेसातच्या पुढे. शिरताना गेट बंद व्हायची वेळ विचारून घ्या. प्रत्येकी अर्धा लिटर पाणी हवं. पूर्ण बाह्यांचा, मातकट रंगाचा सदरा घाला, अत्तर नको. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ लांब निघा, हात झटकू नका. खाजकुयलीच्या शेंगांवरची कुसं लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उपटायची. साप किंवा जखमी जनावर दिसलं तर लांबूनच 1926 ला, म्हणजे वनविभागाला कळवा.

पहिल्या दिवशी निघण्याआधी दोघांच्या बुटांच्या तळव्यांचे फोटो मला पाठवा. ते बघून सांगते, मगच निघा.

तुमची,
ताई