आधी आकडा, मग अंगठा : आमच्या गावाच्या बँक सखीस आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण वयाने माझ्याहून लहान आहात, तरीही पत्राच्या आरंभी 'आदरणीय' याखेरीज दुसरा शब्द सुचला नाही. गावातच बँकेचे व्यवहार करून देणारी बँकेची प्रतिनिधी, म्हणजे बँक सखी, म्हणून गेल्या दीड वर्षात आपण माझ्या ६८ वर्षांच्या आईला स्वतःच्या पैशांचा हिशेब स्वतः पाहायला शिकवले. मी तिची पदवीधर मुलगी, पण पुण्यातील नोकरीच्या व्यापात मला हे कधी जमले नाही. खरे सांगायचे तर हे तिला शिकवायला हवे, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये आईच्या खात्यात जमा होतात. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावापासून बँकेची शाखा लांब असल्याने ती शेजारच्या गावातील एका केंद्रावर जाऊन आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशावर पैसे काढत असे. आयुष्यभर कापूस वेचून आणि खुरपणी करून झिजलेले तिचे ठसे यंत्र चटकन घेत नाही. एकदा 'ठसा आला नाही, पुन्हा लावा' असे सांगून तिचा अंगठा दोनदा घेतला गेला. तिच्या हाती १५०० रुपये पडले आणि खात्यातून ३००० गेले. हे आम्हाला चार महिन्यांनी कळले, तेही आपण तिचे पासबुक शाखेतून भरून आणायला लावले आणि एकाच तारखेच्या दोन नोंदींवर बोट ठेवले तेव्हा. आपण शाखेत तिच्या वतीने तक्रार लिहून दिली, परंतु हाती पावती नसल्याने ते पैसे परत मिळाले नाहीत.

घरातील आम्ही सगळे तेव्हा 'तू पाहिले कसे नाहीस' असे तिलाच विचारत होतो. आपण तसे एकदाही विचारले नाही. आपण तिला किराणा दुकानातील उधारीची वही आठवायला सांगितली, आणि त्या वहीतील प्रत्येक आकडा जिला तोंडपाठ असतो, तिला पासबुक न कळण्यासारखे त्यात काही नाही, असे तिला पटवून दिले. आईला अक्षरे वाचता येत नाहीत, पण आठवडी बाजारात माळवे विकल्यामुळे आकडे येतात. आपण शिकवण्याची सुरुवात तेथूनच केली. पासबुकातील तारखेचा रकाना, जमेचा रकाना, नावेचा, म्हणजे खात्यातून गेलेल्या पैशांचा, रकाना आणि शेवटची शिल्लक, एवढ्या चारच गोष्टी आपण तिच्याकडून महिनाभर पुन्हा पुन्हा वाचून घेतल्या. ज्येष्ठांच्या आर्थिक साक्षरतेसाठी मेळावे होतात, पत्रके वाटली जातात, आणि तेही व्हायला हवेच. पण माझ्या आईसारख्या बाईला उपयोग झाला तो तिच्याच पासबुकावर, तिच्याच बोटाने केलेल्या या उजळणीचा.

आता आई आपल्याकडेच पैसे काढते; मागच्या महिन्यात मी तो व्यवहार प्रत्यक्ष पाहिला. आपण आईला आधी ओल्या फडक्याने अंगठा पुसायला दिला, मग कोरडा करायला लावला आणि यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. तिने १५०० हा आकडा मोठ्याने वाचला आणि त्यानंतरच अंगठा टेकवला. ठसा पहिल्यांदा घेतला गेला नाही, तेव्हा तिने लगेच दुसऱ्यांदा अंगठा न लावता आधी शिल्लक विचारली. 'आधी आकडा, मग अंगठा, मग पावती' हे आपले वाक्य आता आमच्या गल्लीतील बहुतेक म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. पूर्वी प्रत्येक वेळी पैसे काढताना आई दहा-वीस रुपये केंद्रावरच्या माणसाचा हक्क समजून देत असे; बँक प्रतिनिधीला त्याचे कमिशन बँकेकडून मिळते आणि ग्राहकाकडून त्याने परस्पर काही घ्यायचे नसते, हे आपण सांगितले म्हणून आम्हाला कळले.

वडिलांच्या पश्चात बैलजोडी विकून आलेले ८० हजार रुपये एका ओळखीच्या माणसाच्या आग्रहावरून पतसंस्थेत ठेवायला आई निघाली होती. त्या संस्थेबद्दल आपण बरे-वाईट काहीही बोलला नाहीत. सहकारी बँकांसह बँकांमधील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते आणि पतसंस्थेतील ठेवींना ते नसते, एवढाच फरक समजावून आपण निर्णय तिच्यावर सोपवला. तिने तालुक्याच्या पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत रक्कम ठेवली, दर तिमाहीला व्याज येते, आणि नामनिर्देशनात कोणाचे नाव द्यायचे हेही तिनेच ठरवले. मला यातील व्याजापेक्षा तिचे ठरवणे मोलाचे वाटते, कारण आमच्या भागात वय झालेल्या बाईच्या पैशांचे काय करायचे हे बहुधा तिच्याखेरीज सगळे ठरवतात.

वर्षाला २० रुपये कापून मिळणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची, म्हणजे अपघात विम्याची, नोंद आईने स्वतः पासबुकात शोधून मला दाखवली. साप चावला किंवा कोणी झाडावरून पडले, तर दवाखान्याची तातडीची नोंद असल्याखेरीज त्या विम्याचा दावा टिकत नाही, हे तर तिनेच मला सांगितले. केवायसीच्या नावाखाली ओटीपी मागणारा फोन आला, की ती फोन ठेवून देते. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवायचे, हे तिने नातवाकडून भिंतीवर खडूने लिहवून घेतले आहे.

दिवाळीत मी तिच्या कार्डावर पुण्यातील एटीएममधून तिच्यासाठी २००० रुपये काढून गावी नेले. पैसे हातात घेताना तिने मला पावती मागितली. मी तिची पोटची मुलगी, म्हणून क्षणभर वाईट वाटले. मग मी पाकिटातून पावती काढून दिली आणि तिने ती पासबुकाच्या पिशवीत घडी घालून ठेवली. आपले आभार जाहीरपणे मानायचे, हे मी त्याच रात्री ठरवले.

आणखी एक विनंती आहे. येत्या गुरुवारी आई शेजारच्या काकूंना घेऊन आपल्याकडे येणार आहे. त्यांच्या खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झाल्याने ते निष्क्रिय ठरले आहे आणि त्यांना वाटते की आतले पैसेही गेले. ते पैसे त्यांचेच आहेत आणि कागदपत्रे दिली की खाते पुन्हा सुरू होते, हे आईने त्यांना सांगितले आहे, पण आपल्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचा जीव भांड्यात पडणार नाही. तेवढे पाहावे.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी,
आपल्या गावची एक लेक